गोधडी शिवणाऱ्या मैत्रिणींना संक्रांतीचं वाण काय द्यावं?

ताई, तुमचं म्हणणं असं की गावात तुम्ही अकरा बाया मिळून गोधड्या शिवता. यंदा संक्रांतीचं हळदीकुंकू तुमच्या घरी आहे आणि दरवर्षीचे प्लास्टिकचे डबे-चाळण्या सोडून शिवणाच्या कामात येईल असं काही लुटायचं आहे. माणशी पन्नासच्या वर जायचं नाही, कारण कापूस अजून घरातच पडून आहे. मी वर्धा जिल्ह्यात, आर्वीकडच्या एका खेड्यात राहते. तीस-बत्तीस वर्षं झाली, गोधड्या शिवते, आणि अशी वाणं दिलीही पुष्कळ, घेतलीही पुष्कळ. त्यातलं कामाला काय आलं आणि वाया काय गेलं, दोन्ही सांगते.

बाजारात जायच्या आधी एक करा. प्रत्येकीजवळ अर्धा तास बसा, ती शिवत असताना. बोलू नका फार, नुसतं तिच्या हाताकडे बघा. एकीची सुई ओवण्यातच दहा मिनिटं जातात. दुसरी चार टाके घालून बोट तोंडात धरते. तिसरीचा दोरा सारखा गुंततो. चौथीचा हात सफाईचा आहे, पण तिच्याजवळ धड कापड नाही. जिथं तिचं काम अडतं, तिथं लागणारी वस्तू हेच तिचं वाण. अकरा जणींना एकच वस्तू द्यायची आपली रीत आहे खरी, पण किंमत सगळ्यांची सारखी ठेवली आणि हळदीकुंकवाच्या वेळी "तुमच्या हाताला हे लागतं म्हणून हे" असं सांगून दिलं, तर कोणाला वाईट वाटत नाही. आमच्याकडे वाटलं नाही.

सगळ्यात आधी बोटांचं सांगते, कारण आपल्या भागात ते फार महत्त्वाचं आहे. संक्रांत येते तेव्हा कापसाची वेचणी चालू असते किंवा नुकती आटपलेली असते. दोन-अडीच महिने पराटीतून, म्हणजे कापसाच्या उभ्या झाडांतून फिरून, वाळलेल्या बोंडांची टोकं लागून लागून बोटांची अग्रं फाटलेली असतात. त्याच बोटानं रात्री चार-पाच थरांतून सुई रेटायची. बाई म्हणते "आता मन लागत नाही शिवायला", पण मन कुठं गेलेलं नसतं, बोट दुखत असतं. तिला अंगुस्तान द्या. शिंपी वापरतात तसं, वरून उघडं असलेलं, धातूचं. अगदी स्वस्त मिळतं. फक्त मापाचं हवं. मधल्या बोटात घालून हात खाली झटकला तर पडू नये आणि बोटाचं टोक पांढरं पडेल इतकं आवळूही नये. तीन मापांची जास्तीची घेऊन ठेवा आणि वाण देताना घालून बघायला सांगा. पत्र्याची नक्षीदार, पातळ अंगुस्तानं घेऊ नका, त्यांच्यातून सुईचं मागचं टोक आरपार बोटात घुसतं.

अंगुस्तानानं सुई ढकलली जाते. पण पलीकडून ओढायची कशी? जाड गोधडीत खरा जीव तिथं जातो. सुई अर्धी निघते आणि घामेजल्या बोटातून सटकते. काही जणी दातानं ओढतात, ते अजिबात करू देऊ नका. याला पैसे न लागणारा उपाय आहे. पंक्चरच्या दुकानात सायकलची जुनी ट्यूब पडलेली असते, ती मागून आणा. साबणानं दोनदा घासून धुवा, सावलीत वाळवा आणि करंगळीएवढ्या रुंदीची कडी कापा. ही कडी उजव्या हाताच्या पहिल्या बोटाच्या शेवटच्या पेराला बसते. कडीचं रबर आणि अंगठा यांच्यामध्ये सुई धरली की ती हलत नाही, एका ओढीत बाहेर येते. मी दोन वर्षांपूर्वी अंगुस्तानासोबत अशा दोन-दोन कड्या दिल्या होत्या. अंगुस्तान किती जणी वापरतात ते मोजलं नाही, पण कडी मात्र तुटल्यावर परत मागायला आल्या.

आता डोळ्यांचं. गटात पन्नाशीच्या पुढच्या तीन-चार जणी असतीलच. आमच्या शेजारच्या मावशी सत्तरीच्या आहेत. टाका असा सारखा की फूटपट्टी लावून घातल्यासारखा, पण सुई ओवायला नात शाळेतून येण्याची वाट बघत बसायच्या. "मले नेढंच दिसत नाही वो माय, तू ओवून दे," म्हणून दुपारी दोनदा तरी हाक यायची. मी त्यांना संक्रांतीला काय दिलं सांगते. एक सुती दोऱ्याचं रीळ घेतलं. त्याच्या दोऱ्याचं टोक एकामागोमाग एक दहा सुयांच्या नेढ्यांतून ओवलं आणि टोकाला गाठ मारली. दहाही सुया एका कापडाच्या पट्टीत ओळीनं टोचल्या आणि पट्टी रिळाभोवती गुंडाळून दिली. वापरायचं असं की टोकाजवळची पहिली सुई घ्यायची, बाकीच्या नऊ दोऱ्यावरूनच मागे रिळाकडे सरकवायच्या, हातभर दोरा ओढायचा आणि पहिली सुई व उरलेल्या नऊ यांच्यामध्ये कापायचा. कापलेल्या नव्या टोकाला लगेच गाठ, म्हणजे नऊ सुया निसटत नाहीत. नऊही ओवलेल्याच राहतात. दहा सुया म्हणजे त्यांचं दोन दिवसांचं काम. तिसऱ्या दिवशी नात पुन्हा दहा ओवून ठेवते. त्या दिवशी मावशींनी पट्टी हातात घेतली, सुयांवरून बोट फिरवत एक-एक मोजली आणि पदराला डोळे पुसले. मला तेव्हा कळलं की इतकी वर्षं त्यांना हाक मारायला किती जड जात होतं.

अशा बाईला सुई ओवायचा तो छोटा पत्र्याचा बिल्ला आणि तार द्यायचा विचार असेल तर एक लक्षात ठेवा, ती तार नाजूक असते आणि जाड दोऱ्यानं लगेच उपटते. बारीक दोऱ्यासाठी ठीक आहे.

सुयांबद्दल बोलते, कारण सुई दिसते साधी पण चूक तिथंच होते. हातानं शिवायच्या सुईच्या पाकिटावरचा नंबर जितका मोठा, तितकी सुई बारीक. मशीनच्या सुईचं उलटं असतं, १४ पेक्षा १६ जाड आणि १६ पेक्षा १८ जाड. दुकानदारही पुष्कळदा गोंधळतो. जुन्या साड्यांच्या चार-पाच थरांच्या गोधडीला ३ ते ५ नंबरची हातसुई बरी पडते. तान्ह्या बाळाच्या दोन थरांच्या दुपट्याला ७ किंवा ८ घ्या. दाभण गोणपाटाला आणि गादीला ठीक, मऊ झालेल्या साडीत ते भोकं पाडतं आणि तिथूनच कापड फाटत जातं. पाकीट घेताना एक सुई काढून तिच्या नेढ्यातून दोरा चार वेळा मागे-पुढे करून बघा. नेढ्याची कड खरबरीत असेल तर दोऱ्याला लव सुटते. ती सुई कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका.

काही घरी सुई हातातून हातात देत नाहीत, तिन्हीसांजेला तर मुळीच नाही. म्हाताऱ्या माणसांचं मन मोडू नये. सुया कापडाच्या घडीत टोचून, ती घडी ताटात हळदीकुंकवाजवळ ठेवा आणि घेणारीला तिच्या हातानं उचलू द्या. घडी जुन्या लोकरी शालीच्या तुकड्याची असेल तर उत्तम. नुसत्या कापसानं भरलेली टाचण्यांची उशी मात्र देऊ नका. कापूस हवेतली ओल धरतो आणि श्रावणापर्यंत सुया गंजतात. आपल्याकडे कापूस उदंड म्हणून सगळ्या त्याचीच उशी करतात, मीही केली होती. आमची आजी विंचरलेल्या केसांनी भरायची, केसांच्या तेलानं सुई गुळगुळीत राहते. केसांवर भांडी देणारी बाई दारात आली की आजी अर्धे केस तिला द्यायची आणि अर्धे उशीसाठी ठेवायची. केस नको वाटत असतील तर धनगराकडून मूठभर मेंढीची लोकर मागा, तिलाही अंगचं तेल असतं.

आता दोरा. यात माझ्या हातून एक मोठी चूक झाली, ती तुमच्या हातून होऊ नये. एका संक्रांतीला मी आठवडी बाजारातून लाल दोऱ्याची रिळं आणली. रंग असा सुरेख की बघत राहावं. अकरा नाही, नऊ जणींना दिली. त्यातल्या एकीनं त्या दोऱ्यानं लेकीच्या बाळासाठी दुपटं शिवलं, पांढऱ्या जुन्या धोतराचं, हात लावला तर लोण्यासारखं. महिन्याभरानं मी तिच्याकडे गेले तर दुपटं दोरीवर वाळत होतं आणि प्रत्येक टाक्याभोवती गुलाबी डाग पसरलेला. सगळं दुपटं गोवर निघाल्यासारखं. ती मला काही बोलली नाही. चहा केला, लेकीचं बाळंतपण कसं झालं ते सांगितलं. मी घरी येऊन उरलेली रिळं चुलीत घातली.

तेव्हापासून रंगीत दोरा पारखल्याशिवाय देत नाही. हातभर दोरा गरम साबणपाण्यात पाच मिनिटं भिजवायचा, ओला असतानाच पांढऱ्या फडक्यात गुंडाळून वर जड पाटा ठेवायचा. तासाभरानं फडकं उघडून बघायचं. जरा जरी रंग उतरला असेल तर तो दोरा नको. लाल, काळा आणि गडद निळा यांना तर ही परीक्षा हवीच.

किती दोरा द्यायचा, हेही मोजून ठरवा. पाच फूट रुंद आणि सात फूट लांब गोधडी धरा. एक-एक इंचावर लांबीनं धावदोरा घातला तर साठ ओळी होतात, प्रत्येक सात फुटांची. म्हणजे ४२० फूट, सुमारे १२८ मीटर. टाका वर-खाली जातो, गाठींना जातो, तो धरून दीडशे मीटर समजा. भरतकामाची लडी ८ मीटरची असते. तिचे सहा पदर सोडून तीन-तीन केले तरी १६ मीटर. दहा लड्या दिल्या तरी एक गोधडी पुरी होते न होते. म्हणून लड्या दिसायला छान असल्या तरी त्या चौकटीच्या मधलं फूल किंवा कोपरा भरण्यापुरत्याच. पूर्ण गोधडीसाठी जाडसर सुती दोऱ्याचं एक मोठं रीळ बरं. पॉलिस्टरचा दोरा तुटत नाही म्हणून बाया मागतात, पण मऊ सुती साडीवर तो वर्षा-दोन वर्षांत कापडालाच कापतो, हे मी माझ्याच दोन गोधड्यांवर बघितलं आहे.

दोरा गुंतणाऱ्या बाईला मेण द्या. मोठ्या आजीबाईंच्या करंड्यात अजून मेणाची डबी सापडते बघा, कपाळाला मेण लावून वर कोरडं कुंकू लावायच्या त्यासाठीची. तेच मधाच्या पोळ्याचं मेण दोऱ्याला चालतं. दोरा मेणावरून दोनदा ओढायचा, मग चिमटीत धरून एकदा सरकवायचा, हाताच्या उबेनं मेण आत मुरतं. दोरा पिळ घेत नाही, गाठ बसत नाही. मध काढणारा कोणी ओळखीचा असेल तर त्याच्याकडून मेण घ्या. वितळवताना भांडं थेट चुलीवर ठेवू नका, मेण पेट घेतं. पाण्याच्या पातेल्यात दुसरं भांडं ठेवून वितळवा, साधारण ६२ ते ६४ अंशांना ते सुटतं, पाणी उकळायचीही गरज पडत नाही. कापडातून गाळून तेल लावलेल्या छोट्या पणत्यांत ओता. पाव किलो मेणात अकरा जणींच्या वड्या सहज होतात. मेणबत्तीचं मेण या कामाला नको, ते कडक असतं आणि त्याचे पापुद्रे निघतात.

कापड द्यायचं तर काळं द्या, हे ऐकून तुम्ही थांबाल. पण संक्रांत हा एकच सण असा की काळं चालतं, नव्या नवरीला चंद्रकळा, म्हणजे काळी साडी नेसवतात. एरवी सणाला काळं कापड हातात ठेवलं तर घेणारी दचकेल, संक्रांतीला हसून घेईल. आणि गोधडीत काळ्याइतकं कामाचं कापड नाही. चिंध्या कितीही विजोड असोत, मधून दोन बोटांची काळी पट्टी फिरवली की प्रत्येक तुकडा उठून दिसतो. सुती काळं कापड आधी मिठात-बिठात न घालता साध्या पाण्यात पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवा, वाळवा, मग पट्ट्या फाडून गुंडाळी करून द्या. धुतल्यानं खळही निघते आणि आटायचं तेवढं आधीच आटतं.

जुन्या साड्यांचे काठ हे दुसरं. साडी विरते, पण काठाची वीण दाट असते म्हणून तो टिकतो. नागपूर-भंडाऱ्याकडची करवती काठाची साडी कोणाच्या पेटीत फाटून पडली असेल, तर तिचा काठ हातभरही मिळाला तरी घ्या. करवतीच्या दातांसारखी ती नक्षी विदर्भाची ओळख आहे, तिला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे. बाळाच्या दुपट्याच्या चारही बाजूंना असा काठ लावला की त्याला दुसरं काही लावावं लागत नाही. देताना हा काठ कोणाच्या साडीचा, ते जरूर सांगा. शिवणारी ते पुढे सांगते.

चिंध्यांचं गाठोडं द्यायचं असेल तर निवडून द्या. सुती वेगळं, बनावटी वेगळं. शंका आली तर दोन धागे काढून जाळा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि राख बोटानं चुरडते, पॉलिस्टर आकसून वितळतो आणि कडक मणी होतो. रंगांप्रमाणे लावलेलं, इस्त्री फिरवलेलं गाठोडं आणि नुसतं कोंबलेलं गाठोडं यात कापड तेच असतं, पण पहिलं उघडलं की हात लगेच सुईकडे जातो.

चौकटी कापणाऱ्या बाईला जुन्या एक्स-रेच्या फिल्मचा साचा कापून द्या. पुठ्ठ्याच्या कडा झिजतात आणि चौकोन हळूहळू लहान होत जातो, फिल्मचं तसं होत नाही. चार इंचाच्या चौकटीला चारी बाजूंनी पाव-पाव इंच शिवणीसाठी, म्हणजे साचा साडेचार इंचाचा. फिल्मवरचं नाव कापून टाका. घरात रांगतं लेकरू असेल त्या घरी बंद पडलेल्या रेडिओच्या स्पीकरचं चुंबक कापडात शिवून द्या, रात्री अंथरूण घालायच्या आधी जमिनीवरून फिरवलं की हरवलेली सुई सापडते.

कात्री पन्नास रुपयांत देऊ नका. त्या भावाची कात्री चार महिन्यांत कापड चावायला लागते. त्यापेक्षा सगळ्यांच्या जुन्या कात्र्या गोळा करून धार लावणाऱ्याकडून धार लावून आणा, तेही वाणच.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, पण मी बोलणार आहे. तुमच्या अकरा जणींत एखादी विधवा असेल. हळदीकुंकवाला तिला बोलावत नाहीत आणि वाणही तिच्या घरी कोणाच्या तरी हातानं मागच्या दारानं जातं. ताई, असं करू नका. जी आपल्या शेजारी बसून वर्षभर टाके घालते, तिला त्या दिवशी घरी बसवायचं हे मला सहन होत नाही. २०२२ साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, त्यानंतर राज्य सरकारनं बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं आवाहन केलं. पण ठरावाची वाट कशाला बघायची? आमच्या गावात आम्ही एक साधी गोष्ट केली. आमंत्रणातच म्हटलं, "गोधडी शिवणाऱ्या सगळ्या या." पहिल्या वर्षी दोघी आल्या नाहीत. दुसऱ्या वर्षी मी स्वतः जाऊन हात धरून आणलं आणि सगळ्यांत आधी तिळगूळ त्यांच्या हातावर ठेवला. एक सासूबाई उठून गेल्या. बाकीच्या बसल्या. आता कोणी उठत नाही.

शेवटी पैसेच नसतील तर काय, तेही सांगते, कारण असं वर्षही येतं. आमचा बोंडअळीनं कापूस गेला त्या साली कोणाकडेच वीस रुपयेही मोकळे नव्हते. तेव्हा वहीचं पान फाडून चिठ्ठ्या केल्या. प्रत्येक चिठ्ठीवर लिहिलं, "चैत्रात एक दुपार." गोधडीचं सगळ्यात अवघड काम थर अंथरण्याचं असतं. एकटीनं साडीवर साडी पसरली तर एक कोपरा ओढताना दुसरा सरकतो आणि शेवटी मधे चुणी राहते, ती पुढे कितीही टाके घातले तरी जात नाही. त्याला चार हात लागतात. उन्हाळ्यात शेतं मोकळी झाली की जिची चिठ्ठी, तिच्या ओसरीत आम्ही चौघी जायचो. चौघींनी चार कोपरे धरायचे, एकीनं मधून हात फिरवत बाहेरपर्यंत चुण्या काढत यायचं, मग चहूबाजूंनी वीतभर अंतरावर कच्चे टाके. दोन तासांत गोधडी शिवायला तयार. त्या साली नऊ चिठ्ठ्या वाटल्या होत्या आणि पहिला पाऊस पडायच्या आत नऊही परत आल्या. माझी स्वतःची चिठ्ठी मी सगळ्यात शेवटी वापरली, ती गोधडी अजून माझ्या अंगावर आहे आणि तिच्यात एकही चुणी नाही.